चंद्रीमार्फत बोलणी

"नुसतं बोलायचा पगार घेता होय तुम्ही?" हा प्रश्न मला नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात आमच्या दवाखान्याच्या रोखपालानं विचारला. निरोपसमारंभाच्या दिवशी त्याच्या जागेवर आलेल्या दुसऱ्या रोखपालानंही तोच विचारला. मधल्या काळात विचारणाऱ्यांत माझे दीर होते, शेजारी होते, बसमध्ये शेजारी बसलेले अनोळखी लोक होते आणि माझी आई होती. आईचा जन्म निपाणीत विड्या वळण्यात गेला. ती म्हणायची, "आमी काम करताना बोललो की मुकादम वरडायचा, आन तुला बोलायचंच पैसं देत्यात. लई शिकलीस बाई!" यात कौतुक किती आणि टोमणा किती हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

बेळगावातला तो धर्मादाय दवाखाना. नाव लिहीत नाही, विश्वस्तांची नातवंडं अजून भेटली की नमस्कार करतात. सत्तरचं दशक अर्धं सरलं होतं. मोठ्या शहरातून समाजकार्याची पदवी घेऊन मी आले होते आणि तिथं शिकलेली एक नवी विद्या पदरात बांधून आणली होती. साध्या भाषेत सांगायचं तर ती अशी. वेडावरचा हा इलाज नव्हे. झोप लागत नाही, छातीत धडधडतं, घरात पटत नाही, चारचौघांत तोंड उघडत नाही, अशा रोजच्या दुखण्यांसाठी समोरासमोर बसून बोलायचं. लहानपण उकरत बसायचं नाही. माणसाला एवढंच विचारायचं, काय झालं म्हणजे तुम्हाला वाटेल की आता बरं आहे? उत्तर डोळ्यांना दिसेल नाहीतर कानांना ऐकू येईल असं पाहिजे. 'मनाला शांती' हे चालत नाही, 'रात्री पोरांबरोबर जेवायला बसेन' हे चालतं. मग त्या दिशेनं अगदी बारकं काम ठरवून द्यायचं आणि पुढच्या खेपेला विचारायचं, झालं का? मोजक्या बैठकांत गाडी रुळावर आली की नमस्कार करून निरोप द्यायचा.

आमच्या मोठ्या डॉक्टरांना ही विद्या फार आवडली. खाट लागत नाही, औषध लागत नाही, नर्स लागत नाही. विश्वस्तांना तर वाटलं, एवढं काटकसरीचं शास्त्र आपल्याच डोक्यातून निघालंय. त्यांनी मला क्ष-किरणाची खोली आणि धुण्याची खोली यांच्या मधली एक बोळवजा जागा दिली. दारावर पाटी लावायचं ठरलं. पण कानडी वर की मराठी वर, आणि इंग्रजी दोघांच्या मध्ये घातली तर भांडण मिटेल की वाढेल, यावर विश्वस्तांच्या इतक्या बैठका झाल्या की तेवढ्यात मी चार संसार सावरले असते. शेवटी दारावर ठोकलेली फळी तशीच कोरी राहिली. लोक मला 'कोऱ्या फळीच्या बाई' म्हणायला लागले. दोन्ही भाषांचे लोक सारखेच म्हणायचे, त्यामुळे निदान माझ्यापुरता तो वाद मिटला.

आता गिऱ्हाइकं. काय झालं म्हणजे बरं वाटेल, या माझ्या प्रश्नाला पुस्तकात एक उत्तर होतं आणि आमच्या भागात दुसरंच होतं. निपाणीचा एक तंबाखूचा व्यापारी निद्रानाशासाठी आला. प्रश्न ऐकून त्यानं डोळे मिटले, विचार केला आणि म्हणाला, "मेव्हण्याच्या वखारीला आग लागली की मला गाढ झोप लागंल बघा." उत्तर नियमात बसत होतं. डोळ्यांना दिसण्यासारखं होतं. त्याला मेव्हण्यावरून स्वतःवर आणायला मला फार घाम गाळावा लागला.

पण सगळ्यात मोठी अडचण वेगळीच होती. आमच्या लोकांत आजारी माणसानं स्वतः दवाखान्यात जायची फारशी रीत नव्हती. घरातला कुणीतरी बाजाराला निघाला की जाता जाता डॉक्टरांना सांगायचा, 'म्हातारीला ताप हाय', आणि बाटलीतून औषध घेऊन जायचा. देवऋष्याकडे तर आजाऱ्याचा सदरा नेला तरी भागायचं. त्याच हिशेबानं लोक माझ्याकडे येत. संकेश्वराहून एक बाई आपल्या लेकाचा सदरा पिशवीत घालून आली आणि टेबलावर ठेवून म्हणाली, "हा कुणाशी धड बोलत न्हाय." मी सदऱ्याकडे बघत राहिले. सदरा खरंच काही बोलत नव्हता.

भरमाण्णा आले तेही असेच.

बेळगावजवळच्या मच्छ्याच्या पलीकडच्या एका खेड्यातले शेतकरी. साठीचे, धोतर, डोक्याला पटका, खांद्यावर टॉवेल. खुर्चीच्या कडेवर बसले, म्हणजे उठायला सोपं पडावं. म्हणाले, "मला काय झाल्यालं न्हाय. माझी सून मुकी झालीया. त्यावर बोलायचं औषध देता म्हणं तुमी."

"सुनेला घेऊन या की आप्पा."

"तिला कशाला? म्हस हाय, भाकऱ्या हाईत. तुमी मला सांगा, मी घरी जाऊन तिला सांगतो. गोळी असती तर मीच न्हेलो असतो का न्हाय?"

मी वही उघडली आणि घरची माहिती विचारून घेतली. सून शेवंता, सदलग्याची. लग्नाला तीन वर्षं होत आलेली, मूल नाही. मुलगा परशराम मच्छ्याच्या कारखान्यात रातपाळी करतो आणि दिवसा झोपतो. शेवंता सगळं काम करते, कशात उणं नाही, पण सहा-सात महिने झाले तोंडातून शब्द नाही. वैद्य झाला, अंगारा झाला. आणि आता भरमाण्णांची थोरली बहीण गंगूआक्का म्हणत होती की ही पोरगी मुकीच होती, सदलगेकरांनी फसवून दिली. परत पाठवायची. खानापूरकडची एक मुलगी तिनं परशरामसाठी बघूनही ठेवली होती. तुळशीचं लग्न झालं की लगेच बार उडवायचा.

"तुम्हाला काय वाटतं?"

"पोरगी गुणाची हाय," भरमाण्णा म्हणाले आणि पटका सारखा करू लागले. "पर आक्काफुडं मी काय बोलणार?"

तुळशीच्या लग्नाला दीड-दोन महिने होते. मी तरुण होते आणि माझ्या विद्येची मला घमेंड होती. मी शहाणपणा करून निरोप दिला, "सुनेला सांगा, मन मोकळं करून बोलत जा." पुढच्या आठवड्यात भरमाण्णा हिरमुसून आले. त्यांनी घरी जाऊन स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर उभं राहून, भिंतीकडे तोंड करून, पोलीसपाटलासारखं जाहीर केलं होतं, "दवाखान्यातल्या बाईनं सांगितलंय, बोलायचं!" शेवंतानं पदर आणखी पुढं ओढला आणि चूल फुंकायला घेतली.

मग मला माझ्या शिकवणाऱ्या बाईंचं एक वाक्य आठवलं. खुर्चीत जो बसलाय तोच आपलं गिऱ्हाईक, घरी बसलेल्या माणसावर इलाज होत नाही. मी सून बाजूला ठेवली आणि भरमाण्णांनाच विचारलं, "काय झालं म्हणजे तुम्हाला वाटेल की आता बरं आहे?"

ते बराच वेळ टॉवेलाच्या टोकाशी खेळत बसले. मग म्हणाले, "सकाळी चा ठेवती माझ्या म्होरं आन जाती. ठेवताना नुसतं 'मामा, चा' म्हणाली तरी बास."

नोकरीत मी पुष्कळ ध्येयं ऐकली. इतकं स्वच्छ, इतकं बारकं ध्येय मी पुन्हा ऐकलं नाही.

"ती शेवटची बोलली कधी?"

"आमची मंडळी होती तवर. दोघी दिवसभर चिवचिव करायच्या. माझं डोकं उठायचं."

"आणि तुमच्याशी?"

"माझ्याशी कशी बोलंल? सासरा हाय मी तिचा!"

"परशरामशी?"

"माझ्याम्होरं? आमच्यात न्हाय चालत तसलं. आन तो झोपल्याला असतोय."

"मग घरात काही सांगायचं, विचारायचं असलं तर?"

"मंडळीला सांगायची. मंडळी मला सांगायची. मी मंडळीला सांगायचो, ती तिला सांगायची."

"आणि मंडळी गेल्यावर?"

"मंडळी गेली शिमग्याच्या तोंडाला. तवापास्नं ही मुकी झालीया," भरमाण्णा म्हणाले. "काय रोग असंल वो म्याडम?"

देवाशप्पथ सांगते, मी टेबलाखाली मुठी आवळून हसू आवरलं, आणि त्याच क्षणी डोळ्यांत पाणीही आलं. पोरीला काहीही झालं नव्हतं. त्या घरात तिनं ज्याच्याशी बोलायचं असं एकच माणूस होतं, ते मेलं होतं. एखादं पोर असतं तरी 'बाळू, आज्जाला इचार भाकरी वाढू का' असं करून तिनं दिवस काढले असते. अंगारे लावले, वैद्य आणले, तिला परत पाठवायचं ठरवलं, पण तिनं बोलावं कुणाशी हे कुणाच्याच डोक्यात आलं नाही.

"आप्पा, चहा आला की तुम्ही आधी बोलायचं. एकच वाक्य. हुकूम नाही, चौकशी नाही. साधं बोलणं."

"सुनंसंगं? म्हातारपणी गावात शोभा करता काय माझी?"

"जमेल तसं करा. पण करा."

पुढच्या खेपेला भरमाण्णा आले ते खुर्चीत मागं टेकून बसले. मी ओळखलं, काहीतरी घडलंय.

त्यांच्या घरात गोठा सोप्याला, बसाउठायच्या जागेला, लागूनच. चंद्री नावाची म्हातारी म्हैस तिथं बांधलेली. सकाळी शेवंतानं चहा ठेवला. भरमाण्णांनी एक घोट घेतला, घसा खाकरला आणि म्हशीकडं तोंड करून म्हणाले, "चंद्रे, आज चात साखर कमी पडलीया गं."

शेवंता जाता जाता थांबली. पाठमोरी. मग वैरणीची पेंढी उचलून गोठ्यात गेली आणि चंद्रीच्या शिंगाला धरून म्हणाली, "चंद्रे, सांग म्हणावं, साखर संपून चार दिस झाल्यात. आणायला कोण गेलंय?"

"साखर आणली का मग?" मी विचारलं.

"त्याच सांजंला, म्याडम! दोन किलो!"

तिथून पुढं चंद्रीला उसंत मिळाली नाही. चंद्रे, पावसाचं लक्षण दिसतंय गं. चंद्रे, वाळवणं आत घ्यायला माणूस एकटंच हाय म्हणावं. चंद्रे, सदलग्याला जाऊन ये म्हणावं दोन दिस. चंद्रे, मी गेले तर तुझी धार कोण काढणार, इचार की. भरमाण्णा दर आठवड्याला येऊन मला दोघांची बोलणी सांगत, आणि मी ती गंभीर चेहऱ्यानं ऐकत असे.

त्याच सुमारास बाहेरून एक मोठे तज्ज्ञ दवाखाना बघायला आले. मोठ्या डॉक्टरांनी मला केस मांडायला सांगितली. तज्ज्ञांनी सूट सावरत विचारलं, "संवादाचं माध्यम कोण?" मी म्हणाले, "म्हैस." तज्ज्ञांनी लिहायला उघडलेलं पेन पुन्हा बंद केलं. पुढं अहवाल निघाला त्यात मोठ्या डॉक्टरांनी 'घरातील एका ज्येष्ठ सदस्याच्या मदतीने' असं लिहिलं. चंद्री वयानं ज्येष्ठ होतीच, त्यामुळे मी दुरुस्ती सुचवली नाही.

पण दिवाळी झाली आणि भरमाण्णा पुन्हा खुर्चीच्या कडेवर आले. गंगूआक्कानं रविवारी बैठक बोलावली होती. शेवंताच्या भावाला सदलग्याला निरोप गेला होता. भावानं परतताना तिला घेऊनच जायचं, असं ठरल्यात जमा होतं.

"म्हशीसंगं बोलती म्हणल्यावर आक्का आनखी पेटली. म्हणती, मुकी न्हाय, येडी हाय. म्याडम, तुमी या आन शेवंताच्या वतीनं बोला."

"मी येईन. पण तिच्या वतीनं बोलणार नाही."

"मग यून काय उपेग?"

तो प्रश्न त्यांच्या गावाला जाताना बसमध्ये मलाही पडला. दवाखान्याच्या नियमात घरी जाणं बसत नव्हतं. मोठे डॉक्टर म्हणाले, "म्हैस बघायला निघालात वाटतं?" मी म्हणाले, "हो, ज्येष्ठ सदस्य आहेत."

सोप्यात घोंगडी अंथरलेली. गंगूआक्का मधोमध, भावकीतले चार जण, सदलग्याचा भाऊ, आणि रातपाळीहून आलेला परशराम, डोळे चोळत. मला पाहताच गंगूआक्कानं विचारलं, "गाव कुठलं बाई? आडनाव काय?" मी दोन्ही सांगितलं. आडनाव ऐकल्यावर तिनं आपलं बूड घोंगडीसकट थोडं पलीकडं सरकवलं. इतकी वर्षं लोक माझ्यापुढं पोटातलं सगळं ओकत आले, पण माझ्या माठातलं पाणी पिताना काहींना अचानक तहान नसायची. मला त्याची सवय होती. राग मात्र दर वेळी नव्यानं यायचा, अजूनही येतो.

मग सुरू झालं. गंगूआक्का म्हणाली, "तिला हितं करमत न्हाय." भाऊ म्हणाला, "ती सोसतीया, तिला माहेरीच बरं वाटंल." भावकी म्हणाली, "पोरीच्या मनात न्हाय, उगं कशाला अडकवायचं." परशराम म्हणाला, "तुमी म्हणशीला तसं." प्रत्येकाला शेवंताच्या मनातलं पाठ होतं. शेवंता पलीकडे गोठ्यात धार काढत होती. चरवीत धार पडल्याचा आवाज सोप्यात येत होता, आणि एकाही माणसाला वाटलं नाही की तिला हाक मारावी.

माझ्या जिभेवर पन्नास वाक्यं आली. मी ती गिळली. तोंड उघडलं असतं तर तिच्या वतीनं बोलणाऱ्यांत आणखी एकीची भर पडली असती. मी फक्त भरमाण्णांकडं बघितलं.

भरमाण्णा उठले. थोरल्या बहिणीपुढं जन्मात न बोललेला माणूस.  गोठ्याकडं तोंड केलं आणि मोठ्यानं म्हणाले, "चंद्रे! इचार तिला. ऱ्हायचं हाय का जायचं हाय?"

"बघा! ह्यालाबी लागलं येड!" गंगूआक्का म्हणाली.

धारेचा आवाज थांबला. शेवंता बाहेर आली. पदर डोक्यावर, हातात चरवी. शब्द एकेक स्पष्ट कळत होता.

"मामा, चंद्रीला कशाला मधी घालताय? मला इचारा की."

भरमाण्णांनी गोठ्याकडचं तोंड तिच्याकडं वळवलं.

"इचारतो," भरमाण्णा म्हणाले. "ऱ्हाणार का?"

"ऱ्हाणार. पर ह्यांनी कामावनं आल्यावर झोपायच्या आदी माझ्यासंगं चार शब्द बोलायचं. दिवसाढवळ्या. भिंतीकडं बघून न्हाय." परशराम कानापर्यंत लाल झाला आणि "बोलतो की" म्हणाला. भावकीतला एक जण फिसकन हसला आणि तिथंच खानापूरचं स्थळ मोडलं.

शेवंतानं सगळ्यांना चहा केला. मलाही त्याच कपबशीत, त्याच तबकातून. गंगूआक्काला नेमकं त्याच दिवशी पित्त झालं, तिनं चहा घेतला नाही. शेवटचा कप भरमाण्णांपुढं ठेवून शेवंता म्हणाली, "मामा, चा." आणि हा एवढा बाप्या माणूस टॉवेलात तोंड घालून हमसाहमशी रडला. मी कप हातात धरून बसले होते. माझाही चहा निवून गेला.

दुसऱ्या दिवशी मी 'ध्येय साध्य' असा शेरा मारून केस बंद केली. शास्त्र तसंच सांगतं. गाडी रुळावर आली की आपण उतरायचं.

उन्हाळा लागला असेल, एका दुपारी कोऱ्या फळीखाली शेवंता उभी. एकटी, बसनं आलेली. खुर्चीत नीट बसली. म्हणाली, "मामांसाठी आलेय."

"काय झालं त्यांना?"

"लई बोलाय लागल्यात. सकाळपास्नं सुरू. जरा कमी करता येतंय का बघा."

"मग त्यांना घेऊन यायचं की."

"त्यांला कशाला? तुमी मला सांगा, मी घरी जाऊन सांगते."

मी पोटभर हसले, तीही हसली. मग सवयीनं मी विचारलं, काय झालं म्हणजे तुला वाटेल की आता बरं आहे? तिचं हसू थांबलं. बांगड्या मागंपुढं करत बसली.

"माझ्यासंगं बोलत्यात ते साखरंचं, पावसाचं. गेल्याल्या आत्तीचं सगळं चंद्रीला सांगत्यात. आत्ती लगनात कसली दिसत व्हती, तिच्या हाताला चव कशी व्हती, शेवटाला पाणी मागितलं ते. तासतासभर. गोठ्यात बसून रडत्यात." तिनं मान वर केली. "म्हशीला कशाला सांगायचं? आत्ती तिची कोण व्हती? माझी व्हती."

एवढं म्हणाली आणि तिला रडू फुटलं. सात-आठ महिने मुकी म्हणवून घेतलेल्या त्या पोरीला सासू गेल्याचं रडायला कुणी वेळच दिला नव्हता. मीही नाही, मी तर केस बंद करून मोकळी झाले होते. अशा वेळी काय विचारायचं ते मला शिकवलेलं होतं. मी काही विचारलं नाही. माठातलं पाणी पुढं ठेवलं, ते ती घटाघटा प्याली आणि पुन्हा रडली. तिचं रडून होईपर्यंत मी नुसती समोर बसून राहिले.

मग तिनं पदरानं तोंड पुसलं, "हेच सांगते मामांला, त्वांडावर," म्हणाली आणि बस गाठायला निघून गेली. नुसतं बोलायचा पगार घेता, असं लोक मला जन्मभर म्हणत आले. त्या दिवसाचा मी न बोलल्याचा घेतला.